पतीला एचआयव्ही आहे आणि आम्हाला मूल हवे आहे: प्रतिबंधक गोळी मी घ्यावी का?

खानापूरची सून

नमस्कार. माझे वय २९ असून लग्नाला पाच वर्षे झाली आहेत. माझ्या यजमानांचा तमिळनाडूत गलाईचा व्यवसाय आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागात घरटी एक तरी माणूस सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी परराज्यात असतो, त्यामुळे वर्षातील आठ-नऊ महिने ते तिकडे आणि मी इकडे, हे आम्हाला नवीन नाही. दहा महिन्यांपूर्वी त्यांना क्षयरोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि त्याच वेळच्या तपासणीत एचआयव्हीही असल्याचे कळले. माझी तपासणी तेव्हा आणि त्यानंतर दोनदा झाली; तिन्ही वेळा अहवाल निगेटिव्ह आला.

त्यांचे औषध एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरील औषधोपचाराचे सरकारी केंद्र) सुरू झाले, परंतु दुकानाच्या धावपळीत मध्ये काही दिवस गोळ्या चुकल्या. सहा महिन्यांनंतरचा व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातील विषाणूंची संख्या, २,४०० आला. समुपदेशकांनी त्यांना तीन महिने समजावून सांगितले, रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्यायला लावली आणि गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त दिले आहे. अहवाल अजून आलेला नाही. आम्ही निरोध वापरतो. घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंखेरीज कोणालाही हे ठाऊक नाही, आणि सासूबाई प्रत्येक सणाला नातवाचा विषय काढतात.

निरोगी माणसाने रोज एक गोळी घेतली तर एचआयव्हीची लागण टळते, असे मी वाचले. तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी ‘धडधाकट बाईने औषध कशाला खायचे? मूल दत्तक घ्या’ असे सांगून विषय संपवला. जाऊबाई म्हणतात की यजमानांच्याच डबीतील गोळी मीही घ्यावी, औषध शेवटी तेच. इंटरनेटवर मात्र संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एक-एक अशी गोळी घेण्याची पद्धत दिलेली दिसते. यातील खरे काय, ही गोळी घेऊन दिवस राहिले तर बाळाला अपाय होईल का, आणि मुळात माझ्यासारखीला तिची गरज आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्याद्री_वैद्य

ताई, मी काही वर्षे एआरटी केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. आपण सर्व माहिती आकड्यांसह दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येते. आपण म्हणता ती पद्धत ‘प्रेप’ या नावाने ओळखली जाते, म्हणजे संपर्क येण्यापूर्वीच घ्यायचे औषध. सर्वाधिक वापरातील गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम ही दोन औषधे असतात. अमेरिकेने २०१२ च्या जुलैमध्ये या वापरासाठी तिला मान्यता दिली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, लागण होण्याची शक्यता मोठी असलेल्या कोणालाही ती देण्याची शिफारस केली. आपल्याकडे भारतीय कंपन्याच ती बनवतात.

ही लस नव्हे. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. ही गोळी शरीराला काहीच शिकवत नाही, फक्त पेशींमध्ये आधीपासून हजर राहते. एचआयव्ही पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो, आणि ती प्रत आपल्या गुणसूत्रात बसली की कायमची बसते. प्रत तयार होत असताना ही औषधे माळेतील खोट्या मण्यासारखी तिच्यात ओवली जातात, त्यापुढे दुसरा मणी ओवता येत नाही आणि माळ अर्धवट राहते. म्हणून विषाणू येण्याच्या वेळी औषध पेशीत पुरेसे असणे एवढीच अट आहे, पण ती कडक आहे.

आता जाऊबाईंच्या सल्ल्याविषयी. कृपया असे करू नका. यजमानांच्या गोळीत बहुधा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे असतील. ‘औषध तेच’ हे म्हणणे अंशतः बरोबर असले, तरी केंद्रातून मिळणारा साठा मोजून एका माणसापुरता दिलेला असतो. त्यात वाटेकरी आला की महिनाअखेरीस त्यांच्या गोळ्या चुकणार, आणि ज्यांचा व्हायरल लोड गोळ्या चुकल्यामुळेच २,४०० आला त्यांच्या बाबतीत हे फार महागात पडेल. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला तर धोका दोघांनाही आहे.

दोन-एक-एक ही पद्धत खोटी नाही, मात्र ती आपल्यासाठी नाही. फ्रान्स आणि कॅनडा येथील ज्या अभ्यासात तिचा उपयोग दिसला, त्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष होते. योनीमार्गाच्या ऊतींत हे औषध गुदमार्गाच्या मानाने कमी प्रमाणात साठते, त्यामुळे स्त्रियांनी गोळी रोज घ्यावी लागते, आणि अमेरिकेतील मार्गदर्शनानुसार पुरेसे संरक्षण मिळण्यास सुमारे तीन आठवडे लागतात असे धरून चालावे. तोपर्यंत निरोध हवाच.

सुरू करण्यापूर्वी तीन तपासण्या झाल्याच पाहिजेत. पहिली एचआयव्हीची, आणि तीही ताजी, कारण लागण आधीच झालेली असताना दोनच औषधे घेत राहिले तर तो अपुरा उपचार ठरतो आणि विषाणू त्यांना सरावतो. लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत साधी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अलीकडे निरोध फाटला असेल किंवा अंगावर पुरळ येऊन ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरी तपासणी मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची, कारण टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. तिसरी हिपॅटायटिस बीची. ही दोन्ही औषधे त्या विषाणूवरही चालतात, आणि तो आजार असताना गोळी अचानक थांबवली तर यकृताचा दाह उफाळतो. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करावी लागेल. ती आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, मोफत होते.

गरज आहे का, हे मात्र आपल्यापेक्षा यजमानांच्या अहवालावर ठरेल. व्हायरल लोड २०० च्या खाली असेल आणि तसाच टिकून असेल, तर त्यांच्यापासून आपल्याला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. युरोपातील १४ देशांतल्या ८८८ जोडप्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोधाविना सुमारे ५८ हजार वेळा संबंध ठेवले होते आणि उपचाराखालील जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. मात्र २,४०० हा आकडा त्या चौकटीत बसत नाही. मूल आज-उद्याच हवे असा हट्ट नसेल तर नवीन अहवाल येऊ द्या; तोपर्यंत निरोध सोडू नका आणि प्रेपसाठीच्या तपासण्या करून ठेवा.

आकडेमोड

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, तरी गोळीविषयी जे भाबडेपण पसरते आहे त्यावर थोडे लिहावेसे वाटते. स्त्रियांवरील दोन मोठ्या चाचण्यांत हीच गोळी सपशेल निरुपयोगी दिसली होती. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील एक चाचणी २०११ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांत फरकच दिसेना. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे येथील दुसऱ्या चाचणीतही तेच घडले. स्त्रियांना हे औषध लागूच पडत नाही, असा निष्कर्ष तेव्हा घाईघाईने काढला गेला.

नंतर साठवलेल्या रक्तात औषध शोधले तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या चाचणीत या दुहेरी गोळीच्या गटातील स्त्रियांचे एकतृतीयांशही नमुने असे निघाले नाहीत की ज्यांत औषध होते. गोळ्या घेतल्या म्हणून सांगितले जात होते, रिकाम्या डब्या परतही येत होत्या, पण पोटात औषध जात नव्हते. घरात कोणी डबी पाहिली तर मलाच रोग आहे असे समजतील, ही त्यांतील अनेकींची भीती होती.

याउलट केनिया आणि युगांडा येथील ज्या चाचणीत एक जोडीदार बाधित आणि एक निरोगी अशी साडेचार हजारांहून अधिक जोडपी होती, तिच्यात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार लागण ७५ टक्क्यांनी घटली, आणि स्त्रियांनाही फायदा झाला. गोळी तीच होती. फरक एवढाच, की तेथे नवरा-बायको दोघांनाही सर्व ठाऊक होते आणि डबी लपवावी लागत नव्हती. आपले यजमान सोबत आहेत हे आपले बळ आहे, पण ते आठ महिने तमिळनाडूत असतात आणि घरात सासूबाई असतात, हेही तितकेच खरे. डबी कोठे ठेवणार, याचे उत्तर सापडल्यावरच औषध सुरू करावे, असे मला वाटते.

गोदाकाठची

ताई, मी नाशिक जिल्ह्यातील आहे आणि आपल्याच वाटेने गेले आहे, म्हणून लिहीत आहे. माझ्या पतींचा व्हायरल लोड लवकर खाली आला होता आणि आमच्या डॉक्टरांच्या मते मला गोळीची आवश्यकता नव्हती. तरीही मी ती घेतली. आकडा वर्षातून एकदा कळतो. मधल्या बारा महिन्यांत यजमानांनी गोळी चुकवली की नाही, हे मला त्यांच्या शब्दावरूनच समजणार. माझा त्यांच्यावर अविश्वास नव्हता, तरी माझे रक्षण माझ्याही हाती थोडे असावे असे वाटले. डॉक्टरांनी यावर वाद घातला नाही. ते म्हणाले की गरज शास्त्राने ठरते तशी मनानेही ठरते.

पहिले दोन आठवडे मळमळ होत असे आणि पोटात वारा धरत असे. नंतर ते आपोआप थांबले. मी गोळी रात्री जेवणानंतर घेत असे. डबीचे म्हणाल, तर कंपनीच्या डबीतून काढून मी त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या जुन्या बाटलीत ठेवल्या. नंतर कळले की मूळ डबीत ओलावा शोषणारी पुडी असते, तीही सोबत टाकायला हवी. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवताना मान वर होत नसे, म्हणून तालुक्याऐवजी शहरातून घेऊन येत असू. खर्च स्वतःचा होता, कारण एआरटीसारखी ही गोळी आम्हाला सरकारी केंद्रातून मिळाली नाही.

मूल होण्यासाठी आम्ही निरोध कायमचा बाजूला ठेवला नाही. पाळीच्या तारखांवरून बीज बाहेर पडण्याचे चार-पाच दिवस काढून तेवढेच दिवस निरोधाविना राहिलो. चौथ्या महिन्यात दिवस राहिले. गरोदरपणात गोळी चालू ठेवली, बाळ अंगावर पीत असतानाही काही महिने घेतली, आणि नंतर डॉक्टरांना विचारून थांबवली. मुलगी आता तीन वर्षांची आहे. माझ्या तपासण्या निगेटिव्ह आहेत.

सह्याद्री_वैद्य

वरील ताईंच्या अनुभवाला एक जोड. टेनोफोव्हिर हे औषध एचआयव्ही असलेल्या गर्भवतींना वर्षानुवर्षे दिले जात आहे. त्यामुळे बाळावरील परिणामांविषयी नव्या औषधाइतके अंधारात चाचपडावे लागत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात व स्तनपानाच्या काळातही प्रेपला मुभा देते. खरा धोका वेगळाच आहे. गरोदरपणात आईला नव्याने लागण झाली तर त्या आठवड्यांत तिच्या रक्तात विषाणू अफाट वाढतो आणि बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून यजमानांचा आकडा डळमळीत असताना ‘औषध नको, बाळाला बाधेल’ म्हणून थांबणे हे सावधपणाचे वाटले तरी तसे नाही.

‘आकडेमोड’ यांनी सांगितलेल्या पूर्व आफ्रिकी चाचणीच्या चमूने पुढे एक हजारावर जोडप्यांसोबत एक साधी योजना राबवली: बाधित जोडीदाराचे एआरटी सुरू होऊन सहा महिने होईपर्यंत निरोगी जोडीदाराने प्रेप घ्यायचे आणि मग थांबवायचे. लागण अपेक्षेपेक्षा ९६ टक्क्यांनी कमी झाली. ओढ्याला पाणी आहे तोवर साकव लागतो, तसे हे आहे. आपल्या बाबतीत साकव थोडा अधिक काळ लागेल, एवढेच.

बाधितावरील उपचारच जोडीदाराला वाचवतो, हे ज्या चाचणीने प्रथम ठामपणे सिद्ध केले, तिच्यात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती आणि २०११ मध्ये लवकर उपचार घेणाऱ्यांच्या गटात ९६ टक्के घट दिसली. तिचे एक केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत होते. आपल्याकडे याची फारशी वाच्यता होत नाही, याचे मला नवल वाटते. ज्या खाजगी डॉक्टरांनी आपल्याला दत्तकाचा मार्ग दाखवला, त्यांच्यापर्यंत पुण्यातील ही माहिती पोहोचली नसावी.

सहज_विचारतो

प्रश्न माझा नाही, तरी विचारतो. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आले आहे असे ऐकले. मग रोजची गोळी आणि लपवाछपवी कशाला?

आकडेमोड

आले आहे, ते खरे. लेनाकापॅव्हिर असे त्याचे नाव असून दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तरुण स्त्रियांच्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेने जून २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली. मूळ कंपनीने स्वस्त प्रती बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना दिले असून त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. दोन भारतीय कंपन्यांचे औषध वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये २०२७ पासून १२० देशांत मिळेल, अशी घोषणाही झाली आहे. तथापि खानापूरच्या ताईंना निर्णय आज घ्यायचा आहे, आणि आज हाताशी आहे ती गोळीच.

कायद्याचा_कागद

दोन गोष्टी नोंदवतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एखाद्याची एचआयव्हीविषयीची माहिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही, आणि हे रुग्णालयांनाही लागू आहे. त्यामुळे सासरच्या कोणी केंद्रात चौकशी केली तरी तेथून उत्तर मिळता कामा नये. दुसरे म्हणजे, यजमान वर्षाचा बराच काळ तमिळनाडूत राहणार असतील तर त्यांचे नाव तिकडच्या एआरटी केंद्रात वर्ग करून घेता येते. गोळ्या संपल्या म्हणून गावी यावे लागते आणि यायला जमले नाही म्हणून चुकतात, हे चक्र त्यामुळे थांबते. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा निःशुल्क क्रमांक आहे.

खानापूरची सून

सर्वांचे आभार. लिहिण्यास तीन आठवडे लागले, कारण मध्ये बरेच काही झाले. यजमानांचा नवीन अहवाल आला, आकडा ४१० आहे. केंद्रातील डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले, पण मूल होण्यासाठी अजून एक तपासणी होऊ द्या, असे सांगितले. यजमानांचे नाव तिकडच्या केंद्रात वर्ग करण्याचा अर्ज दिला आहे. जाऊबाईंना तुमची उत्तरे वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘मला काय माहीत, मी आपले सोपे सांगितले.’

माझी एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह, क्रिएटिनिन ०.७, हिपॅटायटिस बी नाही. सांगलीतील एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि परवापासून गोळी सुरू केली आहे. बाटली धान्याच्या कोठीमागे ठेवली आहे, पुडीसह. एक शंका राहिली: काल रात्री पाहुणे आल्यामुळे जेवण लांबले आणि गोळी घ्यायची राहूनच गेली. आज सकाळी आठवली तेव्हा घेतली. मग आज रात्री पुन्हा घ्यायची की नाही?

सह्याद्री_वैद्य

घ्यायची, ताई, नेहमीच्या वेळी. आठवली तेव्हा घेतलीत ते बरोबर केलेत. फक्त राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी एकाच वेळी दोन घेऊ नका. ४१० हा आकडा उतरणीला आहे. क्रिएटिनिन तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि हिपॅटायटिस बी नाही तर त्याची लसही त्याच फेरीत टोचून घ्या. कोठीमागे उन्हाळ्यात ऊब फार धरते का, तेवढे पाहा.